एक पान आणि अकरा ओळी

"दोन मिनिटांचं काम आहे, साळवीभाऊ."

माझ्याकडे जुनी फाइल घेऊन येणारा प्रत्येक माणूस हेच वाक्य म्हणतो. ज्याला ते काम येत नाही त्यालाच ते दोन मिनिटांचं वाटतं. पूर्वी मी हसून स्टूल पुढे करायचो. आता करत नाही. आता म्हणतो, दोन मिनिटांचं असेल तर घरीच करा, माझ्याकडे कशाला आलात. माणूस ओशाळतो, मग बसतो, आणि त्याचं काम मी करतोच. माझ्या तोंडाची आणि हातांची फारकत होऊन बरीच वर्षं झाली.

महाडला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मुंबईकर मंडळांच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, सगळी पानं तिथे लागायची. दुकान बंद केलं, तरी माणसं घर शोधत येतात, कारण महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत त्या काळच्या फाइली उघडणारा मी एकटा उरलोय. यात मिरवण्यासारखं काही नाही. बाकीचे वेळेवर शहाणे झाले आणि त्यांनी झेरॉक्स मशीन घेतलं.

बाहेरच्यांना कळावं म्हणून धंदा थोडक्यात सांगतो. तेव्हा मराठी छपाईची पानं एका ठरावीक प्रोग्रॅममध्ये लागायची. त्याचं नाव घेत नाही. बनवणाऱ्यांनीच त्याला टाकून दिलंय, मी एकट्याने त्याचं श्राद्ध का घालू? त्यात तयार झालेली फाइल आज दुसरीकडे कुठेही धड उघडत नाही. त्यातून तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे शुद्ध फसवाफसवी. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. तो नेमका फॉन्ट नसला की सरपंचांच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. लोक म्हणतात, व्हायरस आला. म्हणून जुना संगणक लागतो, जुना प्रोग्रॅम लागतो आणि नेमका फॉन्ट लागतो. हे तिन्ही माझ्याकडे आहेत, कारण महाडच्या पुरात दुकान छतापर्यंत बुडालं तेव्हा एक जुना संगणक घरच्या माळ्यावर पडलेला होता. चांगले तिन्ही संगणक सावित्री नदीने नेले आणि अडगळीतला ठेवला.

या फाइलीची एक खोड आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्यात साठवण्याचे दोन प्रकार. साधं 'सेव्ह' केलं तर नवा मजकूर जुन्यावर लिहिला जात नाही, तो शेवटी जोडला जातो. तुम्ही पुसलेलं पडद्यावरून जातं, पण फाइलीच्या तळाशी पडून राहतं. म्हणून ती फाइल दर वेळी फुगत जाते. दुसरा प्रकार 'सेव्ह अ‍ॅज'. त्यात फाइल नव्याने लिहिली जाते, तळाचा गाळ निघून जातो आणि फाइल हलकी होते. बिघडलेली फाइल बरी करण्याचा पहिला उपायही तोच. उघडायची आणि लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करायची.

ही खोड मला कळली ती एका लग्नपत्रिकेमुळे. दुकान नवं होतं. तुडीलचे एक गृहस्थ धाकट्या मुलीच्या पत्रिकेसाठी आले. थोरलीच्या पत्रिकेचीच फाइल वापरा, नावं तेवढी बदला, म्हणाले. आमच्या धंद्याची रीतच ती, नवीन काम जुन्या फाइलीवर. पण थोरलीची फाइल उघडेना. मी ती साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये घातली आणि त्या जंजाळातून मराठी वेचत गेलो. थोरल्या मुलीचं नाव सापडलं, नवऱ्याचं सापडलं, आणि त्याखाली आणखी एका नवऱ्याचं सापडलं. मुलगी तीच, तारीख आधीची.

मी विचारलं, "काका, हे कोण पावणे?"

गृहस्थांनी चष्मा काढला आणि परत लावला. "ते मोडलं होतं," ते म्हणाले. "जावयाला नाय माहीत. कायमचं पुसता येल का भाऊ?"

मी 'सेव्ह अ‍ॅज' केलं आणि पहिला नवरा कायमचा गेला. त्या माणसाने माझे हात धरले. मी मात्र पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा नावागावासकट चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला. आता त्याची लाज वाटते.

आणखी एक कबुली आधीच देतो. मी टाइप करताना वाचत नसे. यात माझा फार मोठा अभिमान होता. नवशिका माणूस वाचत वाचत टाइप करतो, मजकुरात गुंततो आणि चुकतो. अक्षर डोळ्यांतून थेट बोटांत उतरलं पाहिजे, मध्ये डोकं आणायचं नाही. मी दिवसाला चाळीस पानं ओढायचो आणि चूक शोधून सापडत नसे. लोक विचारायचे, लेख कसा वाटला? मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, छान.

उतेकर तात्यांनाही मी तेच उत्तर दिलं होतं.

तात्या पोलादपूरचे. कशेडी घाटात त्यांची क्रेन असायची. ट्रक दरीत गेला, टँकर आडवा झाला, दरड येऊन गाडी दबली की तात्यांना बोलावणं यायचं. अंगाने आडवे, आवाजाने मोठे, शिक्षण सातवी. क्रेनवरून उतरल्यावर त्यांनी शंभर पानी सात वह्या भरून आपलं आयुष्य लिहिलं आणि एका सोमवारी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"याचा पुस्तक करायचा, साळवी," म्हणाले. "मी वर काढलेल्या गाड्या लोकांनी बघितल्या. आतली माणसा मीच बघितली."

पुढचे सात-आठ महिने ते दर सोमवारच्या बाजाराला येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसत. पडद्यावर स्वतःची वाक्यं उमटताना बघत. कधी हसत, कधी "ह्यो ड्रायवर वाचला बरा का" असं मध्येच सांगत. मी मान हलवायचो. बोटं चालू असायची.

एका सोमवारी मात्र ते अजिबात बोलले नाहीत. मी टाइप करत होतो आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. थोड्या वेळाने पाणी मागितलं. मी न थांबता डाव्या हाताने तांब्या सरकवला. पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा वाटला?"

"छान," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुढचं पान लावलं.

प्रूफं झाली, पुस्तक छपाईला जायचं होतं, तेव्हा ते वार सोडून आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "सुमनचा पान काड."

मला सुमन कोण तेही माहीत नव्हतं, मी ते पान टाइप केलेलं असूनही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्रेचाळिसावं पान पूर्ण आणि चव्वेचाळिसाव्यावरच्या वरच्या अकरा ओळी. कारण त्यांनीच सांगितलं. "माझी मधली पोर. धाकट्या भावाला मूल नव्हता, ती त्याला दिली. तिना मला इचारलान, तिघींतली मीच का? मी म्हटला, पुस्तकात लिवलाय, छापून येल तवा वाच. पन रातीपासून इचार करतोय. पोरीना ह्या चारचौघांसारखा इकत घेऊन वाचायचा? शिमग्याला येल ती. तोंडान सांगन."

मला त्या अकरा ओळींचा राग आला. त्या काढल्या की पुढची सगळी पानं वर सरकणार, पृष्ठक्रमांक बदलणार, अनुक्रमणिका पुन्हा लावावी लागणार. मी पुसून टाकलं आणि 'सेव्ह' केलं.

"गेला काय?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज पडला होता.

मला माझी विद्या दाखवायची खुमखुमी आली. "जातंय कुठे तात्या? या फाइलीत पुसलेलं तळाशी राहतं. कधी लागलं तर माझ्याकडे या, वर काढून देतो."

तात्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "क्रेनसारखाच हाय म्हनायचा तुझा," ते म्हणाले. मग त्या फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घेतली, तो तंबाखूच्या डबीत ठेवला आणि वह्या माझ्याकडेच सोडून गेले.

शिमग्याला आठ दिवस असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ते पुढे चार वर्षं जगले, पण एक शब्द बोलले नाहीत. मी भेटायला गेलो नाही. पुस्तकाचं बघू पुढे, असं त्यांच्या घरून कळवलं आणि मी काम बाजूला ठेवलं. वह्या दुकानातल्या खालच्या कपाटात राहिल्या. पूर ओसरल्यावर त्यांचा लगदा मी स्वतः फावड्याने काढला. तेव्हा माझे संगणक गेले होते, प्रिंटर गेले होते, पंचवीस वर्षांच्या फाइली गेल्या होत्या. लगद्यात कोणाच्या वह्या आहेत याचा विचार मनात आला नाही.

गेल्या वर्षी सुमनताई आल्या. पन्नाशीच्या, सव गावच्या अंगणवाडीत शिकवतात. उतेकर तात्यांची मुलगी, चुलत्याला दिलेली, अशी ओळख त्यांनीच सांगितली. चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि रुमालाची गाठ सोडून एक तंबाखूची डबी माझ्यापुढे ठेवली. डबीत पेनड्राइव्ह होता.

"काकी गेली दोन महिन्यांपूर्वी," त्या म्हणाल्या. "तिच्या ट्रंकेत ही मिळाली." त्या जन्मदात्या आईलाच काकी म्हणत होत्या, हे कळायला मला क्षणभर लागलं. "पोराने लॅपटॉपला लावून बघितलं, तर उघडत नाय. पोलादपुरात विचारलं, मुंबईला पाठवून बघितलं. सगळे म्हणतात, महाडचे साळवी करतील."

त्या दोन मिनिटांचं काम म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला त्यातलं एकच पान वाचायचंय." आणि कोणतं ते सांगितलं.

मला काहीच आठवलं नाही. हे लिहिताना बोटं अडखळतात, पण तेच खरं आहे. उतेकर तात्या आठवले, क्रेन आठवली. त्या पानाचं काय झालं होतं ते आठवलं नाही. हजार माणसांची हजार पानं मी पुसली असतील.

मूळ फाइलीला हात लावायच्या आधी तिची प्रत काढायची, हा माझा पहिला नियम. दुसऱ्यांना शिकवताना मी तो दहादा बजावायचो. त्या दिवशी मी तो पाळला नाही. पेनड्राइव्ह गंजत आला होता, मध्येच दिसायचा, मध्येच नाहीसा व्हायचा. फाइल दोनदा उघडता उघडता बंद पडली. शेजारी एक बाई श्वास रोखून बसली होती आणि दोन तालुक्यांत हे फक्त मलाच जमतं हे तिला दाखवायचं होतं. तिसऱ्या वेळी फाइल उघडली, तात्यांचं नाव पडद्यावर नीट मराठीत आलं, आणि ती पुन्हा बंद पडायच्या आत मी सवयीने 'सेव्ह अ‍ॅज' केलं, त्याच नावाने, त्याच जागी. आधीच्या फाइलीवर लिहू का, असं प्रोग्रॅमने विचारलं. मी हो म्हटलं. फाइल एक तृतीयांश झाली. मला फार समाधान वाटलं.

"झाली बरी," मी म्हणालो.

सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला. मग खुर्ची पुढे ओढून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी आत जाऊन चहा सांगितला. दोन तासांनी बाहेर आलो तेव्हा त्या शेवटच्या पानावर होत्या.

"नाय हो," त्या म्हणाल्या. "माझं नावच नाय कुठे. थोरलीवर दोन ओळी हायत, धाकटीवर दोन. माझं पान नाय."

आणि तेव्हा मला टोपी आठवली. तांब्या आठवला. सुमनचा पान काड. माझ्याकडे या, वर काढून देतो. मी फाइल साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि तळापर्यंत गेलो, दोनदा. तळ स्वच्छ होता. जेमतेम दोन तासांपूर्वी मीच तो धुतला होता. पेनड्राइव्ह ठेवून घेतला आणि त्यावर पुसलेलं शोधणारे प्रोग्रॅमही चालवून बघितले, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तो पेनड्राइव्ह चौथ्या दिवशी कायमचा गेला.

पण त्या दिवशी त्या बाईला मी एवढंच सांगितलं, "ताई, या फाइलीत ते पान नाही." वाक्य खरं होतं. खोटं बोलायला दरवेळी खोटं वाक्य लागत नाही. त्यांनी माझे आभार मानले, मी प्रिंटरवर छापून दिलेली पानं छातीशी धरली आणि सवची गाडी पकडायला गेल्या.

तीन आठवडे मी जेवलो, झोपलो, लोकांवर खेकसलो. मग एका दुपारी रिक्षा करून सवला गेलो. अंगणवाडी सुटली होती. त्या एकट्या बसून रंगीत कागद आवरत होत्या. मी सगळं सांगितलं. पान पुसलं त्या दिवशी तात्या काय म्हणाले ते, मी काय वचन दिलं ते, आणि तीन आठवड्यांपूर्वी काय केलं ते.

त्या म्हणाल्या, "तात्या डबी मागायचे. आजारात. डाव्या हाताने अशी गोल खूण करायचे, आणि माझ्याकडे बोट. मी गेले की हमखास. आम्हाला वाटायचं, तंबाखूची तलफ. डॉक्टरांनी बंद सांगितलेली, म्हणून काकीने डबी लपवली. मीच सांगितलं होतं तिला, लपव म्हणून."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"साळवीभाऊ, तुम्ही ते टाइप केलंत ना?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. एखादा शब्द? मी रडायची म्हणून दिली, की दिसायला बरी होते म्हणून? काय तरी असेल ना."

"मी वाचलं नाही," मी म्हणालो. "मी टाइप करताना वाचत नसे."

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा मला अभिमान होता ती गोष्ट एवढी घाणेरडी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"केवढं होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

एवढं मात्र मला माहीत होतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला मजकूर आठवत नाही, जागा आठवते. "एक पान आणि अकरा ओळी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. त्या अकरा ओळींनी मला पुढचं सगळं पुस्तक पुन्हा लावायला लावलं होतं."

"त्या दोघींवर दोन-दोन ओळी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी रंगीत कागद पेटीत भरले, पेटीला कडी घातली आणि दाराशी येऊन चपला पायांत सरकवल्या. चहा विचारला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

"पुस्तक छापायचं," त्या म्हणाल्या. "पन्नास प्रती. आणि ती जागा होती तिथे तेवढीच सोडायची. एक पान आणि अकरा ओळी. कमी नाय करायची."

त्यांच्याकडच्या छापील पानांवरून सगळं पुस्तक मी नव्याने टाइप केलं, या खेपेला वाचत. तीन महिने लागले. वाचत टाइप केलं की माझ्या चुका होतात, प्रूफं चारदा तपासावी लागली. तात्यांनी दरीतून काढलेली माणसं मला पहिल्यांदा भेटली. फार चांगलं लिहिलंय त्यांनी. त्रेचाळिसाव्या पानाशी आलो तेव्हा थांबलो, नुसती जागा सोडली, आणि अकरा ओळी मोजून पुढचं वाक्य सुरू केलं.

पानं छापून बाइंडरकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"साळवीभाऊ, एक घोळ हाय. त्रेचाळीस नंबरचं पान कोरं आलंय, आणि पुढल्या पानावर पण वरती मोकळंच हाय. सगळ्या पन्नास प्रतींत. चूक झालीय काय?"

"हो, चूक झालीय," मी म्हणालो. "तसंच बांध."